नावानंतरची जागा

१२ नोव्हेंबर १९६९, लोणावळा

नवसूचं पत्र आलं. पोस्टकार्ड नाही, बंद पाकीट. म्हणजे काहीतरी मागायचं आहे. तीन आठवडे येऊन राहू का, असं विचारतो. ‘सोबत बास असेल’ हे शेवटी, बारीक अक्षरात.

मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने त्याच्या नावाची लाँग प्ले काढायचं कबूल केलं आहे. जॅझ वाजवणारे चौघे, आणि त्यांचा म्होरक्या बासवाला. असं आपल्याकडे कुणी केलेलं नाही म्हणतो. बासवाल्याने मागे, पियानोच्या आडोशाला उभं राहायचं असतं आणि त्याचं नाव रेकॉर्डच्या पाकिटाच्या पाठीमागे चुकीचं छापायचं असतं. कंपनीने याला ‘नेव्हिल’ हो म्हणून सुचवलं. हा नाही म्हणाला. ते एक बरं केलं.

आठ चाली हव्यात. सात तयार आहेत. आठवी सापडत नाही, ती तुमच्याकडे सापडेलसं वाटतं, असं लिहितो. माझ्याकडे चाली नाहीत. माझ्याकडे तीन खोल्या, एक फणसाचं झाड आणि पेन्शन आहे. ये म्हणून कळवलं. नियमही कळवले.

१५ नोव्हेंबर

आला. वाळला आहे. तो बास नावाचा धोंडा गार्डाच्या डब्यातून आला. सहा फुटी, लाकडी, चार तारांचा. व्हायोलिनचा आजोबा म्हणावा. उभा धरून बोटांनी छेडतात, कधी गजाने घासतात. मधल्या खोलीत ठेवायला लावला. वाजवण्याच्या वेळा: सकाळी आठ ते अकरा, दुपारी तीन ते सहा. जेवताना त्याच्याकडे पाहायचं नाही.

“त्याच्याकडे म्हणजे कुणाकडे, बाई?”

“तुझ्या त्या लाकडाकडे.”

हसला. नऊ वर्षांचा असताना असाच हसला होता, भाजे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतून मी त्याला घरी आणला तेव्हा. रविवारी मी तिथे वर्ग घेत असे. पाढे एकदा ऐकून म्हणायचा. त्याच्या बापाला म्हटलं, हा मला द्या, मी याला बी.ए. करते. नऊ वर्षं माझ्याकडे राहिला. मॅट्रिक झाला. बी.ए. झाला नाही.

शेजारी तेव्हा रेल्वेच्या बँडचा कायतान मास्तर राहत असे, गोव्याचा. पोरगा माझ्याकडे व्याकरण शिके आणि कुंपणापलीकडे दुसरंच काही. मास्तर वारला तेव्हा हा बास नवसूला देऊन गेला. मीही एक अख्खं कपाट पुस्तकं दिली होती. ती इथेच आहेत.

१६ नोव्हेंबर

आठ वाजता सुरू झाला. कपाटातले पेले किणकिणायला लागले. भांडी घासणारी सरूबाई मोरीतून धावत आली.

“बाई, भितीत म्हैस हंबरतीया का काय!”

“काम कर.”

“न्हाई, पर गाभण वाटतीया.”

नवसूला हे ऐकू गेलं. त्याने म्हशीसारखाच एक सूर काढून दाखवला. सरूबाईचं निम्मं काम तसंच राहिलं.

२१ नोव्हेंबर

काल मुंबईहून त्याचे तिघे साथीदार येऊन गेले. दोन शेर मटण आणि एक खुर्ची संपवली. पियानो नव्हता, तर पियानोवाल्याने माझ्या टेबलावर बोटं चालवली.

सातवी चाल ऐकली. मी जॅझ ऐकत नाही. मला तो पोरांनी मधल्या सुट्टीत केलेला गोंधळ वाटतो. पण कालचं लिहून ठेवते. तिघे थांबले आणि नवसू एकटाच वाजवत राहिला. डावा हात वाद्याच्या मानेपासून पोटापर्यंत धावत होता आणि उजव्या हाताची दोनच बोटं. एवढ्या जाड तारांतून इतकं बारीक, इतकं वेगात बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. खाली एक ठेका आणि वर एक गाणं, दोन्ही एकाच वेळी. ढोलवाला, तिरकस बोलणारा माणूस, मान खाली घालून बसला होता. नंतर मला म्हणाला, “मॅडम, असं वाजवणारा दुसरा मी पाहिला नाही. आणि याला आठवी चाल सुचत नाही म्हणून हा रेकॉर्ड सोडून द्यायला निघाला आहे.”

नवसूला विचारलं. तो म्हणाला, “आठवी मला माहीत आहे, बाई. ती थाळ आहे.”

ठाकरवाडीत माणूस गेल्यावर पाचव्या दिवशी थाळ बसते. काशाच्या थाळीत मधोमध मेण लावून त्यात एक काडी उभी करतात. काडीवरून ओली बोटं वरून खाली ओढायची. थाळीतून घुमारा निघतो, खोल, न तुटणारा. त्यावर मेलेल्याची कथा सांगतात. शेवटी मागे राहिलेल्यांची नावं घेतात. नाव आलं की त्या माणसाने ‘हाय’, म्हणजे ‘आहे’, असं म्हणायचं; मग गेलेला निश्चिंत होतो. कुणी बोललं नाही तर काडी थांबवतात, आवाज विरेपर्यंत वाट पाहतात, मग पुढे जातात.

“कायतान मास्तरांनी बास पहिल्यांदा छेडला,” नवसू म्हणाला, “तेव्हा मला वाटलं, याच्या पोटात आमच्या शिदूआबाची थाळ आहे. मी आजवर तेच वाजवत आलो. पण शेवटचा भाग मला नीट येत नाही. लहान होतो तेव्हा त्याआधीच झोप लागायची. आणि दादाच्या वेळी...”

दादा म्हणजे त्याचा बाप. मी म्हणाले, चहा निवतो आहे.

२३ नोव्हेंबर

आम्ही दोघं गाडीने मळवलीला उतरून भाज्यावरून वर चढलो. त्याची आई बायडाबाई अंगणात होती. लेकाला पाहून उठली नाही. त्याचा चुलता शिदू, थाळ तोच वाजवतो, पडवीत बसला होता. नवसूने विचारलं, “आबा, एकदा थाळ वाजवून दावाल का? शिकायची हाय.”

शिदूने बायडाबाईकडे पाहिलं.

ती म्हणाली, “कोन मेलंय?”

“कुनी न्हाई, आये.”

“मग कशाची थाळ? ती का बाजा हाय, कवाबी वाजवाया? तुजा बाप मेला तवा वाजली हुती. तवा याचं हुतं. तवा सायबाची परीक्षा हुती.”

“मला कळवलं कुणी? पाच दिवसांनी निरोप धाडला तुमी!”

“पाच दिसांनी?” ती उठली. “शिदू दुसऱ्याच दिशी गेलता लोनावळ्याला. पायी!”

मी मध्ये पडले. म्हणाले, ऊन झालं आहे, पाणी द्या, आमची गाडी चुकेल. सगळे गप्प झाले. पंचवीस वर्षं मुख्याध्यापिका होते. माझ्या आवाजाला लोक अजून गप्प होतात.

गाडीत नवसू म्हणाला, “आई खोटं बोलत नाही.” मी खिडकीबाहेर पाहत होते.

२४ नोव्हेंबर

आज काही लिहायचं नाही.

३० नोव्हेंबर

लिहिलंच पाहिजे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.

मार्च १९५६. सोमवारी नवसूचा बाप तापाने गेला. मंगळवारी सकाळी शिदू माझ्या दारात उभा राहिला. पोरगा पेपरला गेला होता. शिदू म्हणाला, शुक्रवारी थाळ हाय, धाडून द्या. मी म्हणाले, पाठवते. त्याला गूळ-पाणी दिलं.

पाठवला नाही. शुक्रवारी भूमिती होती. शनिवारी शेवटचा पेपर देऊन आला, जेवला, मग सांगितलं. म्हणाले, निरोप आत्ता आला. त्याआधी मी खोटं बोलले नव्हते आणि त्यानंतरही नाही. एक वर्ष वाया जाईल, वर गेला की खाली येणार नाही, असं वाटलं. वाडीतला पहिला मॅट्रिक होणार होता. आणि मला तो हवा होता. म्हणजे पास व्हायला.

तेरा वर्षं तो समजतो की घरच्यांनी कळवायला उशीर केला. घरचे समजतात की तो कळूनही आला नाही. मधे मी.

आज त्याने कंपनीला पत्र लिहायला घेतलं: सातच चाली आहेत, छापायचं रद्द करा. मी शाईची दौत उचलून आत ठेवली. म्हणाले, दोन दिवस थांब.

३ डिसेंबर

एकटी वर गेले. बायडाबाई नाचणी पाखडत होती. उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही.

“तीनदा हाक मारली शिदूनं,” ती म्हणाली. “पोराचं नाव घिऊन. समदी वाटंकडं बगत हुती.”

“माझी चूक झाली.”

“पोराला सांगितलं का?”

“नाही.”

“मग माज्याकडं आदी कशापायी आला? त्याला सांगाया भ्या वाटतं व्हय?”

आजवर मला हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. हो म्हणाले.

तिने सूप खाली ठेवलं. “बसा. पानी प्या. चढ लय हाय, तुमचं वय झालं आता.”

ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे.

४ डिसेंबर

सकाळी आठला, त्याने गज हातात घेण्याआधी, सांगितलं. तो ऐकत राहिला. मग विचारलं, “शुक्रवारी कुठला पेपर होता?”

“भूमिती.”

“त्यात मला एकतीस मार्क पडले होते.”

एवढंच. बाहेर गेला. सरूबाईने विचारलं, आज म्हैस का गप हाय? तिला घरी पाठवलं.

दुपारी आला. म्हणाला, “मी बास घेऊन वर जातो. थाळ नको मला. आईच्या दारात उभा राहून मला जेवढं येतं तेवढं वाजवतो आणि परत येतो.”

“तुम्ही या” म्हणाला नाही. “येऊ नका” असंही म्हणाला नाही.

७ डिसेंबर

व्यवस्था मी केली. वाटेत धूळ फार, वार्निश खराब होईल, म्हणून माझी नवी पांढरी चादर बासभोवती घट्ट गुंडाळली, सुतळीने चार ठिकाणी बांधली. मळवली स्टेशनावर गोरख हमाल आणि त्याचे तिघे ठरवले. एवढं मोठं धूड चढावर न्यायचं तर खाली बांबू हवेत. दोन बांबू आणवले, चौघांच्या खांद्यावर दिलं.

गोरख म्हणाला, “बाई, ह्ये असं चौघांनी...”

“आपटलं तर मजुरी मिळणार नाही. चला.”

“न्हाई, मी म्हनतो, पांढरं कापड...”

“बोलू नका. श्वास चढासाठी ठेवा.”

नवसू पुढे चालत होता, मान खाली. मी मागे. भाजे गावातून जाताना पारावरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, मला ओळखलं. दोघांनी टोप्या काढल्या. एक म्हातारी रस्त्याच्या कडेला होऊन डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “आगं बया, कोन गं गेलं?” तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोवर चढ सुरू झाला होता आणि आमच्यामागे अकरा माणसं चालत होती.

वाडीत आधीच कळलं होतं. कुणीतरी पळत जाऊन सांगितलं होतं की नवसू मुंबईत मेला, बाई मढं घेऊन येतायत. बायका रडत बाहेर आल्या. बायडाबाई सगळ्यांत पुढे, अनवाणी. नवसू चालत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ह्ये काय हाय?”

“वाद्य आहे,” मी म्हणाले. “धूळ लागू नये म्हणून.”

कुणीतरी हसलं. मग सगळेच. गोरख म्हणाला, “मी सांगत हुतो!” नवसू तर खालीच बसला हसत, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी सुरू झालं ते मला दिसलं नाही. आईने त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होती. मी बांबूच्या गाठी सोडत होते.

बास उचलून आत नेणार तर बायडाबाई म्हणाली, “थांबा. तिरडी म्हनून दारात आलीया. दारात आल्याली तशी माघारी धाडत न्हाईत. शिदू, थाळ काड.”

“कुनाची म्हनून बसवू, वैनी?”

“ह्याच्या बापाची. त्याची राहिलीया. एक नाव बोललं न्हवतं.”

शिदूने विस्तवावर मेण ऊन केलं, थाळीत काडी रोवली. दुपारची वेळ होती, कोंबड्या पायांत येत होत्या. मी दाराशी बसले. तो घुमारा कानांनी ऐकू येत नाही, बरगड्यांना ऐकू येतो. कथा लांब होती. बाप कुठल्या डोंगरावर मध काढायचा, कुठल्या ओढ्यात पडला, सगळं. शेवटी नावं. बायडा: “हाय.” शिदू वाजवता वाजवता स्वतःच: “हाय.” बहीण चिंगी: “हाय.” मग नवसू. काडी थांबली. आवाज विरत गेला. तो म्हणाला, “हाय. हाय, दादा.”

मला वाटलं संपलं. पण बायडाबाई वाकून शिदूच्या कानात काही म्हणाली. त्याने जरा थांबून पुन्हा बोटं ओली केली, काही शब्द म्हटले, त्यांत ‘बाई’ असं काहीसं होतं, आणि काडी थांबवली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी दारात बसले होते. गेलेल्याची वाट अडवली असणार. उठून बाजूला सरकले. शिदू थोडा थांबला, मग थाळ पुढे चालू झाली आणि संपली.

नवसूने त्यानंतर अंगणात वाजवलं. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही.

तो वरच राहिला. मी चादर घेऊन खाली आले.

२० डिसेंबर

नवसू वाडीवरून थेट मुंबईला गेला. पत्र नाही. सरूबाई म्हणते, भिंत मुकी झाली. पेले नीट लावून ठेवले.

१४ जानेवारी १९७०

तिळगूळ पाठवला. उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. पोस्टमन रोज बारा वाजता जातो. त्या वेळी मी फाटकाजवळ असते, कारण जास्वंदीला तेव्हाच पाणी घालावं लागतं.

२७ फेब्रुवारी

ढोलवाल्याचं कार्ड, नवसूचं नव्हे. रेकॉर्डिंग झालं. आठवी चाल एकाच दमात, बाकी तिघांनी हात बांधून ऐकली. लिहितो, “मॅडम, कंपनीवाला म्हणाला मध्ये यंत्र बंद पडलं. आम्ही म्हणालो, नाही.”

आता त्याला माझी गरज नाही. ते योग्यच आहे. शिकवणाऱ्याचं काम तेच. मधल्या खोलीत टेबल हलवायचं होतं, हलवलं नाही. बासच्या तळच्या खुंटीने फरशीवर एक टवका काढला आहे. चपलेचा पाय त्यावर पडू देत नाही.

११ एप्रिल

पार्सल आलं. रेकॉर्ड. पाकिटावर त्याचं नाव नीट छापलं आहे: नवसू भाजेकर. आत चिठ्ठी नाही. पाकीट उलटं करून झटकलं, दोनदा. नाही.

शाळेत गेले. पंधरा ऑगस्टला वाजवतात तो रेकॉर्ड प्लेअर मागून आणला. नव्या मुख्याध्यापिकेने पावती मागितली, बरं वाटलं.

सातही चाली क्रमाने ऐकल्या. मग आठवी. नाव फक्त ‘थाळ’. एकटा बास, गजाने. तोच घुमारा. शेवटी तो थांबतो, नावाला उत्तर यावं म्हणून थांबावं तसा. पूर्ण शांत. मग पुन्हा. पुन्हा थांबतो. मी मोजलं. पाच वेळा. नावं चार होती: आई, चुलता, बहीण, तो. एक जागा जास्त आहे. गणितात कच्चाच होता.

चूक दाखवणारं पत्र लिहिलं. पण आकडा आधी बायडाबाईकडून पक्का करून घ्यावा. टपालपेटी चारला उघडतात; आज राहू दे.

१९ एप्रिल

इंग्रजी पेपरात परीक्षण आलं. बासला आपल्या देशात पहिल्यांदा कंठ फुटला, असं लिहिलं आहे. शेवटच्या चालीतल्या पाच शांत जागा म्हणजे ‘आधुनिक मनाचं धाडस’ म्हणे. पाच नव्हे, चार, हे त्या गृहस्थाला कसं कळणार.

वाडीत वीज नाही. बायडाबाईला निरोप धाडला, तूच ये.

२२ एप्रिल

बायडाबाई सकाळच्या गाडीने आली. करवंदं आणली. खुर्चीवर बसली नाही. बास ठेवायचा त्या जागेशी फरशीवर बसली. त्या टवक्यावर बोट फिरवून म्हणाली, “ह्ये त्याचं व्हय?” सांगितल्याशिवाय कसं कळलं, माहीत नाही.

आठवी चाल लावली. ती थाळ ऐकतात तशी बसली, तळवे जमिनीला टेकून. पहिली जागा आली. ती मोठ्याने म्हणाली, “हाय.” दुसरीला, “शिदू हाय, रानात गेलाय.” तिसरीला, “चिंगी हाय.” चौथीला नुसती हसली आणि तबकडीकडे बोट केलं.

पाचवी आली. मी तिला म्हणणारच होते, बघ, ही चुकून. ती माझ्याकडे पाहत होती.

“बोला की.”

“काय?”

“त्या दिशी बी गप ऱ्हायला. म्या शिदूला सांगून नाव घ्याया लावलं, तर तुमी उटून बाजूला सरकला. समदी हसली मागनं. पोरगं तेवडं न्हाई हसलं.”

सुई पुढे गेली होती.

“मी वाट अडवली असं वाटलं मला,” मी म्हणाले.

“अडवली हुतीच की,” ती म्हणाली. “पर वाट अडवनारं बी घरचंच आसतं.” आणि करवंदं निवडायला बसली, जशी काही ती त्याचसाठी आली होती. “आता मला गाडी धराया पायजे. पुडच्या बारीला बोला.”

तिला स्टेशनवर सोडून आले. घरात कुणी नव्हतं, सरूबाईही गेली होती. सुई पुन्हा ठेवली. हजेरीच्या वेळी मुली बसून उत्तर देत तेव्हा मी त्यांना उभं करत असे. मी उभी राहिले. पाचवी जागा आली. पहिल्यांदा ती तशीच निघून गेली. सुई मागे घेतली. दुसऱ्यांदा म्हणाले. मागच्या बाकापर्यंत जाईल इतक्या आवाजात.

चूक दाखवणारं पत्र फाडलं. कार्ड लिहिलं आणि चारच्या आत पेटीत टाकलं. नोंद म्हणून इथे उतरवते:

चि. नवसू यास आशीर्वाद. रेकॉर्ड मिळाली. शेवटच्या चालीत पाच जागा आहेत. तपासल्या. बरोबर आहेत.
बाई